साधा की सोबत?

मेयोच्या ओट्यावर दुर्पता
माझ्या आधीच येऊन बसलेली.
मे महिना. कूलर कोरडाच घरघरतोय.
"भेऊ नको बाप्पा,
सुई बोटाले टोचते, जिवाले नाही."

तिच्या पिशवीत निरोधची पाकिटं.
इतवारीतला पानठेलेवाला गजू
खर्र्याच्या डब्याखाली ठेवतो,
पैसे घेत नाही.
गिऱ्हाईकाला हळूच विचारतो,
साधा की सोबत?

चिठ्ठी आली. मला अक्षरं दिसेनात.
तिनं वाचली, घडी घातली,
म्हणाली, चाल, पह्यले तर्री-पोहे खाऊ.

रात्री नऊला तिच्या मोबाईलचा गजर.
बारा वर्षांची सवय:
बोलता बोलता गोळी काढली,
अर्धा ग्लास पाणी प्याली

आणि ग्लास न विसळता
माझ्याकडे सरकवला.