सारी-मोगोलच्या कुत्र्यांची वही

निळ्या पेटीत बर्फ, बर्फात बत्तीस कुप्या,
आणि खोगिराला दोरीनं बांधलेली ही वही.
रकाने चारच: मालक, रंग, वय, नाव.
नावाचा रकाना बहुतेक कोराच राहतो.
"कुत्र्याला नाव कशाला?" ओमूरझाक म्हणतो,
"मेंढरं राखतं ते कुत्रं. बोलावलं की येतं."
मी लिहिते: करडा. डावा कान लांडग्यानं नेलेला.

मे लागला तरी डोंगर पांढरेच.
गोवऱ्यांच्या भिंतीआड उन्हाला पसरलेली कुत्री
माझा घोडा दिसला की एकेक उठतात,
आळोखेपिळोखे देतात,
आणि काही काम आठवल्यासारखी चालू लागतात.

म्हाताऱ्या बायका मात्र कुत्रं घरात घेऊन कडी लावतात.
त्यांच्या तरुणपणी शहरातून गाडी यायची,
गाडीत बंदूक असायची,
आणि संध्याकाळी अख्ख्या गावात भुंकणं नसायचं.
काल्बूबू दाराच्या फटीतून विचारते,
"मारायला आलीस की टोचायला?"
टोचायला, आज्जी.
"मग बंदूकवाला काय म्हणायचा ठाऊक आहे?
तोही म्हणायचा, रोगासाठीच आलोय."
मी उंबऱ्यावर बसते. चहा येतो. दुसरा येतो.
तिसऱ्या पेल्याला कडी निघते.

लस नवी आहे.
लागू पडली की नाही ते दोन हिवाळे गेल्यावर कळेल,
असं ओशहून आलेला डॉक्टर म्हणाला,
आणि खोटं बोलला नाही म्हणून मला बरा वाटला.
तोवर गोळ्या आहेतच, फुप्फुसाच्या तुकड्यात दडवलेल्या.
हुशार कुत्री तुकडा खातात, गोळी थुंकतात.

एक गोष्ट मी कुणाच्या दारात सांगत नाही.

वडिलांच्या वर्षश्राद्धाला मेंढा कापला होता.
आईनं काळीज हातात घेतलं, उजेडाला धरलं:
त्यावर पांढरे फोड, पाण्यानं टम्म, द्राक्षासारखे.
"हे पाहुण्यांना नको," ती म्हणाली. "टाक त्याला."
मी टाकलं.
अक्तोशनं ते हवेतच झेललं.
केवढं हसलो आम्ही!
मग तो शेपूट हलवत तुर्सुनायकडे गेला,
आणि तिचं तोंड, हनुवटी, कान
चाटून चाटून ओलं केलं.
पुढेही रोज. ती सहा वर्षांची, तो तिची उशी.

चौदाव्या वर्षी ओशमध्ये तिचं पोट फाडलं.
डॉक्टर बाहेर आला, त्याच्या हातात भांडं,
भांड्यात तेच. पाण्यानं टम्म.
आईनं ओळखलं. मीही ओळखलं.
आम्ही एकमेकींकडे पाहिलं नाही.

आमच्याकडे लाडक्या माणसाला काळीज म्हणतात.
ये गं माझ्या काळजा, जेव गं माझ्या काळजा.
मेंढ्याच्या काळजातून कुत्र्यात,
कुत्र्याच्या जिभेवरून पोरीत:
वाटेत कुणीच वाईट नव्हतं.
दोष शोधायला बसले तर
हाताला नुसती मायाच लागते,
आणि मायेला सुई कुठे टोचायची?

म्हणून ही पेटी.
म्हणून दारोदारी तेच पुराण:
काळीज पुरा, उघड्यावर टाकू नका.
पोरांचे हात साबणानं धुवा.
हो, हिवाळ्यातही. हो, पाणी गार असलं तरी.

शेवटचं घर नदीपलीकडे, तुर्सुनायचं.
सत्तावीस वर्षं तिच्या अंगणात कुत्रं नव्हतं.
आज आहे. काळं, पोरकट, छातीवर पांढरा ठिपका.
"नवऱ्यानं आणलं," ती म्हणते. मी विचारलं नव्हतं.
वाकताना तिचा हात अजून पोटावर जातो,
मग दोन्ही हातांनी ती त्याचं डोकं गुडघ्यांत धरते,
तोंड मात्र बाजूला वळवून.
मी टोचते. तो कुईं करतो,
आणि तिचं मनगट चाटतो.
ती हात मागे घेत नाही.
लगेच धुतही नाही; थोडा वेळ बघत राहते.

नाव? मी विचारते, पेन्सिल ओली करत.
ती साबण शोधते, बादली ओढते,
पाण्याकडे बघून म्हणते, "तेच."

मी खोगिरावर वही टेकवून लिहिते.
अक्षर वाकडं आलंय.
घोडा हलला असेल.