निनावे, तांगशानहून परत

चीनहून आलो त्याला आठ दिवस झाले,
तांडापेठेत अजून विचारतात, काय काय खाल्लं? साप?
मी म्हणतो, भात. आणि वांग्याची भाजी,
आपल्यापेक्षा जरा गोड.

गेलो होतो फरशांच्या प्रदर्शनाला.
गोळीबार चौकात दुकान आहे, टाइल्स अन् सॅनिटरीचं.
शेवटी एक दिवस रिकामा निघाला,
म्हणून पर्यटक झालो.

लू नावाची पोरगी होती दुभाषी,
जांभळी छत्री धरून पुढे पुढे.
रस्ते इतके सरळ की वळायला कारण सापडेना.
म्हणाली, या शहरात माझ्या वडिलांहून
म्हातारं घर क्वचितच सापडेल.
एका पहाटे, चारच्या आत, सगळे झोपेत असताना
तेवीस सेकंद जमीन हलली.
तेवीस. मी मनात मोजून पाहिले,
तेवढ्यात आमच्या दुकानाचं शटर
अर्धं वर जातं, मग अडकतं.

खाणींनी पोखरलेली जमीन खचली तिथं आता तळं,
तळ्यात पायांनी मारायच्या होड्या, एकीत नवरा-नवरी फोटो काढत.
दूर कुठं तरी धुराडं चालू होतं.
ओळखीचा वास आला. कोराडीचा.

मग ती भिंत.
काळा दगड, माझ्या चौपट उंच,
आणि नावं,
एक अक्षर मला वाचता येईना.
कोष्ट्याचं पोर मी,
मला ती काठावरच्या नक्षीसारखी दिसली,
एकही धागा न चुकता विणलेली.
लूनं दोन मिनिटांत तिच्या आजीची बहीण शोधली,
बोट ठेवलं, उचललं.
मग सहज विचारलं, तुमच्या आडनावाचा अर्थ काय?
म्हटलं, निनावे. म्हणजे नाव नसलेले.
मला वाटलं हसेल.
तिनं भिंतीकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं,
आणि पाण्याची बाटली पुढं केली.

आईला सांगितलं हे सगळं.
ती तांदूळ निवडत होती.
"समद्यांची नावं हायेत?"
हाव.
"हजेरीवाल्या बाबूचं बी?"
असेल.
"अन् भोंगा? भोंगा वाजते का तिथं?"
ते मी विचारलंच नव्हतं.

आमच्याकडं भूकंप झाला नाही.
आमच्याकडं तारखा पडल्या.
आधी रातपाळी गेली, मग साचे गेले भंगारात,
बाबा तरी डबा घेऊन निघायचे,
गेटासमोर बसून खायचे,
रिकामा डबा घासून आणायचे.
किती वर्षं लागली शहराचा तेवढा तुकडा पडायला,
सेकंद मोजत कुणी उभं नव्हतं.

रविवारी आईला मिलच्या जागेवरच्या मॉलमध्ये नेलं.
सरकत्या जिन्याला तिनं लांबूनच नमस्कार केला.
एसीत पदर डोक्यावर घट्ट ओढून
भिंतीवर तळहात फिरवत राहिली,
"हे कोनतं खातं होय रे? कताई का बुनाई?"
मी काय सांगू.
तिथल्या संडासातल्या फरशा
आमच्याच दुकानातून गेल्यात,
बिल अजून अर्धं बाकी आहे.

निघताना पार्किंगच्या पोट्ट्यानं
मान वर न करता विचारलं, नंबर?
मी गाडीच्या किल्ल्या शोधत होतो.
आई म्हणाली,
एकवीसशे चौदा.
बाबांच्या बिल्ल्याचा.

त्यानं तो चिठ्ठीवर लिहिला,
फाडली, दिली.
मी वीस रुपये दिले अन् काही बोललो नाही.