सणाचा डबा

वर्षाला आठच दिवस माळ्यावरून उतरतो हा डबा.
झाकणावर ठिपक्याठिपक्यांनी नाव कोरलेलं:
सिगुल्ला दाविद चेऊलकर.

आईला जाऊन चार वर्षं झाली.
तांदळाच्या भाकऱ्या आता मीच थापतो,
कडा फाटतात.
दोन उकडलेली अंडी, मिठाची पुडी,
बोईची तुकडी कालच्या रात्रीची,
आणि खजुराचा पाक. तो सांडतोच
रेवदंड्याहून एसटी वळणाला लागली की.

अलिबाग डेपोत मधू नाखवा
स्वतःचा पाव बाजूला सारतो,
माझी भाकरी मोडतो.
"बाई हल्ली उकडीला पाणी कमी घालतात," म्हणतो.

नवव्या दिवशी कँटीनमध्ये मी उसळपाव मागवला.
मधूनं रिकाम्या टेबलाकडे बघितलं.
"गेल्या?"
"माळ्यावर."