दोन पेरं खोल

ऐन जूनमध्ये कुणी पिओनी हलवतं का?
पण स्काइद्रीतेच्या आईचं घर विकलं गेलं ते जूनमध्येच,
आणि नवा मालक म्हणाला, इथे मी गाडीसाठी फरशी टाकणार.
म्हणून ती आली येल्गाव्याच्या बसने,
मांडीवर ओल्या टॉवेलात गुंडाळलेला गड्डा
आणि टॉवेलाबाहेर तीन कळ्या,
खिडकीतून बाहेर बघणाऱ्या मुलांसारख्या.

मी कुंपणाअलीकडे कांदे खुरपत होतो.
पाहिलं, खड्डा फार खोल.
कोपरापर्यंत हात गेला तिचा.
माणसाला पुरावं तशी पुरली तिने ती,
तितक्याच काळजीने.

मग रोज संध्याकाळी दोन झाऱ्या पाणी.
आमच्याकडे जूनमध्ये उजेड अकरापर्यंत रेंगाळतो,
तोवर ती तिथेच.
पानं माना टाकायची, की आणखी एक झारी.
पिवळी पडली, की केळ्याची सालं.
कुणी यीस्ट सांगितलं, तेही झालं.

बारा वर्षांत आमच्यात काकड्यांची देवघेव तेवढी.
नवव्या दिवशी मी कुंपण ओलांडलं.
"मातीत बोट घाल," म्हणालो. "दोन पेरं. काय लागतं?"
"चिखल."
"तिला तहान नाही. तिचा श्वास कोंडलाय.
बाई, तुझी माया तिच्या मुळावर आलीय."

वाटलं, झारीच डोक्यात घालते माझ्या.
तिने फावडं आणलं.

उपसली तेव्हा वास आला, शिळ्या बटाट्यांचा.
काळं पडलेलं मी चाकूने कापलं,
जखमेला सौनाच्या चुलीतली राख चोळली.
खड्ड्यात बादलीभर वाळू. गड्डा वर उचलून धरला,
डोळे मातीखाली दोनच पेरं राहतील असा.
सावलीला तिने आईचा स्वयंपाकघरातला पडदा बांधला,
निळ्या फुलांचा, एका कोपऱ्यात जळलेला.

"आता कळ्या काढ."
"त्या आईच्या अंगणात धरल्यात, इल्ग्वार्स."
"तीन कळ्या म्हणजे तीन तोंडं,
आणि घरात कमावणारं कुणी नाही."
तिने दोन कापल्या. तिसरीपाशी कात्री थांबली.
मी घरी गेलो.
दोन दिवसांनी तिच्या खिडकीत दिसली ती तिसरी,
जॅमच्या बाटलीत, गोटीसारखी घट्ट.
उघडली नाही ती शेवटपर्यंत.

त्यानंतरचं सगळ्यांत अवघड,
काही न करणं.
रिकामी झारी पायाशी ठेवून ती पायरीवर बसायची.
बोट घालायची. ओल असली
तर उठून बीटला पाणी घालायची, रागारागाने.
मी एकतीस वर्षं रेल्वेचं फाटक सांभाळलं.
गाडी काही आपण आणत नाही,
रुळावर कुणाची गाय नाही ना, एवढं बघायचं.
हे तिला सांगितलं नाही. तिला गाई आवडतात.

ऑगस्टमध्ये एकच देठ उरला. मग तोही नाही.
मग बर्फ.
पुढच्या वर्षी दोन पानं आली, बोटाएवढी, फूल नाही.
तिने मला काही विचारलं नाही
आणि काकड्या मात्र जास्त दिल्या.

यंदा एप्रिलमध्ये ती लिएपायाला आहे, लेकीकडे,
गुडघ्याचं ऑपरेशन झालंय.
किल्ली माझ्याकडे. कुंपणाच्या सावलीत अजून
थोडं मळकं बर्फ, बाकी माती उघडी.
आणि मातीतून वर, लालबुंद,
थंडीत नाकं लाल व्हावीत तशी,
पाच.
वाकून परत मोजली. पाच.

फोन करायला खिशात हात गेला, तसाच राहिला.
दंव पडायचं आहे अजून, मे महिना लांब आहे,
आणि दुखऱ्या गुडघ्याने ती पहिली बस पकडेल.
शेजारचं कुत्रं इथून धावतं,
म्हणून बर्चच्या काटक्या रोवल्या भोवती.
बोट घातलं. दोन पेरं. ओल होती.

झारी भरून आणली होती मी, कोण जाणे का.
गुपचूप कांद्यांना घातली.