जंबो

म्हापशाच्या मासळी बाजारात
पिएदादचा फळा रंगवतोय.
सुंगटांचे दर, आकारानुसार. सगळ्यात वर: जंबो.

'ज' झाला. अनुस्वार देतोय तोच तिनं विचारलं,
"म्हळ्यार कितें रे तें? सगळेच लिहितात."
"मोठं."
"मग मोठं लिही."
"मोठ्याला किलोमागे शंभर कमी मिळतात."
ती हसली. बर्फावरची माशी हाकलली.

मग सांगितलं, जे लिगोरिओ सरांनी
आठवीच्या वर्गात, धडा सोडून, सांगितलं होतं.
हा आधी शब्द नव्हता, हत्ती होता.
आफ्रिकेत आई मारून धरलेलं पिल्लू.
पॅरिस, मग लंडन. पाठीवर पोरं घेऊन फिरायचा.
नाव कुठल्या भाषेतलं, नक्की कुणालाच ठाऊक नाही.
कुणी म्हणतं, नमस्कार. कुणी म्हणतं, मुखिया.
कुणी म्हणतं, उगाच ठेवलं,
कानाला आफ्रिकेचं वाटावं म्हणून.
पुढे अमेरिकेतल्या सर्कशीनं विकत घेतला,
पोस्टरांवर त्याच्याहून मोठा रंगवला
(हे काम मला समजतं)
आणि कॅनडात एका रात्री, खेळ संपल्यावर,
रुळांवरून परतताना
मालगाडी.

हत्ती गेला, विशेषण राहिलं.
आता विमान जंबो, वडापाव जंबो,
मंत्रिमंडळसुद्धा.
आपल्याकडे अगडबंब होतं की,
म्हणतानाच गाल फुगवणारं.
पण अगडबंबाला कुणी दर लावत नाही.

"पुरला तरी नीट?"

नाही. कातड्यात पेंढा भरून उभा केला.
नव्वद वर्षांनी तिथं आग लागली.
राख उरली, ती कुणीतरी
पीनट बटरच्या रिकाम्या बरणीत भरून ठेवली.

पिएदाद खाली वाकली.
पाटाखालून कॉफीची जुनी बरणी काढली,
"एवढी?"
आत गालमो. नखाएवढी सुकी सुंगटं,
हजारभर तरी असतील, सगळ्यांना डोळे.
"एवढीच."

बराच वेळ ती बरणी हातातच धरून होती.
गिऱ्हाईक आलं, भाव विचारून गेलं.

"गालमोची ओळ घालू का खाली?"
"नको. ज्यांना हवा ते विचारतात."

तेवढ्यात 'बो'ची मात्रा ओघळली.
चिंधीनं पुसली,
आणि अक्षर जरा लहान करून
पुन्हा काढलं.