बुधवारी, रक्तीबरोबर

बाटली दीड वर्ष हळदीच्या डब्यामागं उभी होती.
इग्नासियोनं दिलेली. पंपाची कास्टिंगं तपासायला
तो शिरोलीच्या फौंड्रीत यायचा
आणि दुपारी आमच्या खानावळीत
पंख्याखालचं टेबल धरून बसायचा.
पहिल्या दिवशी तांबडा रस्सा वाटीनं प्याला,
डोळे पुसत काहीतरी पुटपुटला.
सासूबाई म्हणाल्या, "देवाचं नाव घेतंय वाटतं."

काल उघडायचं ठरलं. उघडायला काही नाही.
सर्जेराव लाकडाचा स्क्रू आणि पक्कड घेऊन
खाली फरशीवर बसले, बाटली गुडघ्यांत धरून,
म्हशीची धार काढावी तसे.
निम्मं बूच बाहेर आलं, निम्मं आत पडलं.
मग चहाच्या गाळणीतून गाळली.
स्टीलच्या पेल्यात रंगच दिसेना,
काचेच्या ग्लासात ओतली, तेव्हा कळलं:
पन्हाळ्याच्या उतारावरचं करवंद
बोटांत चिरडल्यावर होतं, तसं.

वास आधी निपाणीच्या वखारीचा.
मग सुभाषनगरातल्या गल्लीचा,
जिथं चपलेच्या कातड्याला तेल पाजतात.
"एवढ्या लांबनं आणून
आमचाच वास दिलाय की आमाला," सासूबाई.

तांबड्यानं तिला पहिल्याच पकडीत
चीत केली. जिभेवर नुसती मिरची उरली.
पांढऱ्याशी ती बोललीच नाही,
दोन गावची माणसं एका बाकावर
वेगवेगळ्या एसटीची वाट बघत बसल्यासारखी.
सुक्क्याबरोबर बरी.
बरी म्हणजे पाहुण्यांना म्हणतात तशी बरी.

बुधवार होता. रक्ती होती.

तिसऱ्या खेपेला इग्नासियोनं विचारलं होतं, हे काय?
मी मनगटावरची शीर बोटानं दाखवली.
तो हसला नाही, दचकला नाही,
बिलाच्या मागं पेनानं चित्र काढायला लागला:
एक पातेलं, एक बाई, तिचे हात कोपरापर्यंत काळे रंगवलेले.
त्याच्या आजीच्या गावात डुक्कर मारलं की
रक्त गोठू नये म्हणून ढवळत राहतात,
कांदा घालतात, भात घालतात.
ढवळायचं काम पोरांचं. तो पोर होता.
पातेल्याशेजारी त्यानं शेवटी एक बाटली काढली.
ते बिल मी वहीत ठेवलंय,
त्याच्या नावावर आजही नव्वद रुपये बाकी.

तव्यावर कांदा लाल होऊ दिला,
रक्ती टाकली, उलथन्यानं मोडली,
वर थोडं भाजलेलं सुकं खोबरं.
एक घास. एक घोट.
कुणीच काही बोललं नाही,
आणि आमच्या घरात असं होत नाही.
लोखंडाला लोखंडाची चव लागली.
सर्जेराव बऱ्याच वेळानं म्हणाले,
"भट्टीतनं वितळून येतंय त्याला पण
आमी रसच म्हणतो."

सासूबाईंनी पदराआडून एक घोट घेतला.
"आंबट हाय," म्हणाल्या,
आणि पेला परत पुढं केला.
"तू घेतलीस का गं?"
"मी घेतलो की," मी म्हणाले.

निम्मं बूच आत तरंगत होतं,
बाटली पुन्हा बंद होणारी नव्हती.
आता दुसराच कुणी तपासायला येतो,
दही-भात मागतो, मोबाईल बघत खातो.
त्याला मी बुधवारी
रक्ती आहे म्हणून सांगत नाही.