जाळं फाटतं ती जागा

आमच्या मुलखाला समुद्र नाही.
तरी पाटबंधारे कचेरीत तीस वर्षं
मी किनाराच काढत आले,
पैठणच्या वर, नाथसागराचा,
दर जूनला एक, दर ऑक्टोबरला एक.
एकही दुसऱ्यावर बसला नाही.

खालच्या खणात जुना नकाशा, कापडावर डकवलेला,
घड्यांवर झिजून चार तुकडे झालेला.
निजामाच्या वेळची मोजणी. कोपऱ्यात उर्दूत सही,
सहीतून गेलेली वाळवीची वाट.
तपकिरी रेषा, उंची फुटांत.
बोरतळी: बारा घरं, दोन विहिरी, ईदगाह,
आणि एका चिंचेला वेगळी खूण.
मोजणारा त्या सावलीत जेवला असणार.

परवा कचरू लिंबोरे आला. भोई.
चपला दाराबाहेर, हाताला माशांचा वास.
म्हणाला, बाई, बोरतळी दाखवा.
मला वाटलं, आता हा रडणार.
अशी माणसं येतात, निळ्यावर बोट ठेवतात, गप्प होतात,
मी पाण्याचा तांब्या पुढं करते.

त्यानं खिशातून वहीचं पान काढलं.
"चिंच कुठं? पाटलाचा बुरूज कुठं?
गेल्या साली तीन जाळी फाटली.
खाली काय आहे ते वरून कळत नाही."

मग आम्ही दोघं वाकलो.
फुटांचे मीटर मी केले, मीटरचे वाव त्यानं.
विहीर: साडेचार वाव, दगडी काठ, जपून.
ईदगाहची भिंत: आडोशाला मरळ बसते.
बुरूज: मार्च सरला की डोकं वर काढतो.
गाववाट मोकळी. जाळं तिथूनच ओढायचं,
बैलगाड्या जायच्या तसं.

निघताना मी विचारलं,
यातला खरा किनारा कुठला रे?
"ते आमच्या मंडोदरीला विचारा," म्हणाला.
"पाणी हटेल तशी ती गाळात काकडी टोचत जाते.
तिची शेवटची ओळ, तो त्या दिवसाचा."

पंधरा दिवसांनी परत आला.
पानावर एक फुली वाढलेली.
"इथंबी फाटतंय.
तुमच्या कापडावर तर इथं काहीच नाही."
मी भिंग लावलं. कोरं.
मोजणी झाल्यावर, पाणी यायच्या आधी
कुणीतरी काहीतरी बांधलं असेल,
कशासाठी, कोण जाणे.

पेन्सिलीला टोक केलं,
त्या सहीवाल्याची मनात परवानगी घेतली
आणि कापड फाटणार नाही इतक्या हलक्या हातानं
फुली मारली.